मणक्याच्या फ्यूजनला हाड कुठलं घालायचं: कंबरेचं, पाकिटातलं की तिथलंच?

तुम्ही लिहिलंय की आई ६२ वर्षांची, एल४-एल५ ला (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या जोडीला) मणका पुढे सरकलाय, पायांत मुंग्या येतात, दादरचा पूल चढताना मध्येच थांबावं लागतं, सर्जननी टीएलआयएफ सांगितलंय म्हणजे नस मोकळी करून गादीच्या जागी केज (आधार देणारी पोकळ पेटी) आणि मागून चार स्क्रू दोन रॉड घालून ते दोन मणके एकमेकांना जुळवायचं फ्यूजन, आणि इस्टिमेटमध्ये 'बोन ग्राफ्ट सबस्टिट्यूट १० सीसी' (आईच्या हाडाऐवजी भरायचा, पाकिटात मिळणारा तयार माल) अशी एक वेगळी ओळ आहे तिची रक्कम बघून घरात वाद चाललाय. भाऊ म्हणतो आईचंच हाड वापरा, बहीण म्हणते शेजारच्या काकांचं कंबरेतून हाड काढलं होतं ते अजून तिथे दुखतं म्हणतात तर पाकीटच घेऊया.

मी मुंबईत बरीच वर्षं मणक्याचीच ऑपरेशनं करतोय, तर आधी सरळ उत्तर देतो, कारणं मागून. अशा एका लेव्हलच्या, म्हणजे मणक्यांची एकच जोडी जुळवायच्या, ऑपरेशनला बहुतेक वेळा आईचंच हाड पुरतं आणि त्यासाठी कंबरेला हात लावावा लागत नाही. नस मोकळी करताना मणक्याच्या मागचं जे हाड काढावंच लागतं तेच साफ करून परत वापरायचं, त्याला आम्ही लोकल बोन म्हणतो. पाकीट हे त्याला जोड म्हणून, कमी पडलं तर. एका लेव्हलला लोकल बोन आणि कंबरेचं हाड यांची तुलना झालेली आहे, जुळण्याचं प्रमाण जवळपास सारखंच येतं. त्यामुळे भाऊ-बहीण दोघांचंही म्हणणं बाजूला ठेवा आणि सर्जनना विचारा की लोकल बोन वापरणार ना, आणि ते पुरेल असं वाटतंय का.

आता, स्क्रू आहेत तर हाड घालायचंच कशाला? स्क्रू-रॉड मणके फक्त धरून ठेवतात, तेही काही महिने. माणूस उठतो, बसतो, वाकतो, प्रत्येक वेळी त्या धातूवर ताण येतो, आणि तोवर खालचा मणका वरच्याला हाडाने जुळला नाही तर कधीतरी स्क्रू हाडात ढिला पडतो नाहीतर रॉड तुटतो, टायटॅनियमचा असला तरी तुटतो. न जुळलेल्या सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही, पण ज्यांना होतो त्यांचं दुसरं ऑपरेशन करावं लागतं आणि ते पहिल्यापेक्षा कायम अवघड. फ्यूजन हे स्क्रूच्या कितीतरी आधीचं आहे हे लोकांना माहीत नसतं. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये हिब्ज आणि आल्बी या दोन सर्जननी आपापल्या पद्धतीने ते केलं, टीबीने पोखरलेल्या मणक्यांसाठी. आल्बीने तर नडगीचं हाड काढून मणक्याच्या मागच्या काट्यांमध्ये बसवलं. स्क्रू नाहीत, टीबीची औषधं नाहीत, पेशंट आठवडेच्या आठवडे आडवा, आणि तरीही हाड जुळायचं. ते काम हाड करतं, धातू नाही, हे आजही तितकंच खरं आहे.

ग्राफ्ट, म्हणजे जुळण्यासाठी घातलेलं हाड किंवा त्याचा पर्याय, चांगलं की वाईट हे बघताना तीन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे त्यात स्वतः हाड बनवणाऱ्या जिवंत पेशी आहेत का. दुसरं, आजूबाजूच्या कच्च्या पेशींना हाडाच्या पेशी व्हायला लावणारी प्रोटीन्स आहेत का. आणि तिसरं, नवीन हाडाला धरून वाढायला आधार आहे का, इमारतीच्या कामाला बांबूची परांची बांधतात तसा. स्वतःच्या ताज्या हाडात या तिन्ही गोष्टी असतात. बाजारातल्या बहुतेक पाकिटांमध्ये एक असते, फार तर दोन, आणि सगळ्यात जास्त विकली जाणारी पाकिटं नुसती परांची असतात. ती वाईट नाहीत, पण परांचीवर चढून काम करणारे पेशंटच्या शरीरातूनच यावे लागतात हे लक्षात ठेवा.

लोकल बोनचं ओटीत काय होतं ते जरा सविस्तर सांगतो कारण पेशंटच्या घरच्यांना हे कुणी सांगत नाही. लॅमिना (मणक्याची मागची हाडाची पट्टी) आणि फॅसेट जॉइंट (मागचा छोटा सांधा) ऑस्टिओटोमने, म्हणजे हाडाच्या छिन्नीने, किंवा निबलरने, म्हणजे हाड कुरतडायच्या पकडीने, काढतो, सिस्टर प्रत्येक तुकडा ओल्या गॉझमध्ये गुंडाळून स्टीलच्या वाटीत ठेवते, सक्शनमध्ये एकही जाऊ नये यावर तिचं लक्ष असतं. मग असिस्टंट बाजूच्या ट्रॉलीवर उभा राहून त्या तुकड्यांना चिकटलेले स्नायू, लिगामेंट आणि सांध्यावरची कूर्चा खरवडून काढतो. कंटाळवाणं काम आहे, वेळ खातं, आणि घाई होते ती इथेच. कूर्चा तशीच राहिली तर तिचं हाड होत नाही, उलट ती मध्ये अडसर होऊन बसते. साफ झालं की निबलरने बारीक तुकडे करायचे किंवा बोन मिलमधून काढायचे, साधारण ३-४ मिलीमीटरचे. कोरडं पडू द्यायचं नाही, पेशी मरतात, आणि अँटिसेप्टिकमध्ये तर अजिबात बुडवायचं नाही. हाय-स्पीड ड्रिलने पाण्याच्या फवाऱ्याखाली हाड घासलं की जी पावडर निघते ती काही जण गोळा करून वापरतात, माझा तिच्यावर भरवसा कमी आहे, मी शक्य तिथे ड्रिलऐवजी ऑस्टिओटोम वापरतो म्हणजे हाड अखंड हातात येतं. आणि कमी पडतंय असं वाटलं तर मणक्याच्या ज्या पेडिकलमधून (मागून पुढे जाणाऱ्या हाडाच्या खांबातून) स्क्रू जाणार आहे तिथूनच सुई घालून थोडा बोन मॅरो (हाडातला मगज) ओढून त्यात मिसळता येतो. तो एका जागेवरून २-४ मिली एवढाच ओढायचा, जास्त ओढला की नुसतं रक्त येतं आणि कामाच्या पेशी पातळ होतात, पुढचा घ्यायचा तर सुईची जागा बदलायची.

कंबरेच्या हाडाबद्दल, म्हणजे इलियॅक क्रेस्ट, कंबरेवर हात ठेवला की हाताला लागते ती हाडाची कड. अजूनही बाकी सगळ्या ग्राफ्टची तुलना याच्याशीच होते, आणि दुखण्याची भीती खरी आहे पण थोडी वाढवून सांगितली जाते. पुढून काढलं तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला जाणारी एक नस दुखावू शकते आणि तिथे बधिरपणा राहतो, मागून काढलं तर नितंबावरच्या कातडीच्या नसा आडव्या जातात म्हणून मागच्या टोकापासून साधारण ८ सेंटीमीटरच्या आतच राहायचं असतं. पण एक अभ्यास असाही झालाय की तपासणाऱ्याला कोणाचं हाड काढलंय हे सांगितलंच नाही, आणि ज्यांचं काढलं होतं आणि ज्यांचं नव्हतं अशा दोन्ही गटांत त्या जागी दुखणं जवळपास सारखं निघालं. कंबरेच्या ऑपरेशननंतर त्या भागात तसंही दुखतं आणि दोष कापलेल्या हाडावर जातो. तुमच्या शेजारच्या काकांचं दुखणं खोटं आहे असं मी अजिबात म्हणत नाही, पण ते तिथूनच येतंय का हे बघायला हवं.

मी स्वतः आजही कंबरेचं हाड घेतो. पहिलं फ्यूजन जुळलं नाही म्हणून परत करायचं असेल तेव्हा, कारण मागचं लोकल बोन आधीच गेलेलं असतं. आणि टीबीत. मुंबईत मणक्याचा टीबी आम्ही सतत बघतो, पू आणि सडलेलं हाड काढल्यावर पुढे मोकळी पोकळी राहते, तिथे वजन पेलणारा अखंड तुकडा लागतो. तीन बाजूंनी कडक असलेला कंबरेचा तुकडा तिथे छान बसतो, नाहीतर छातीतून गेलो असू तर वाटेत काढलेली बरगडीच वापरतो. हल्ली तिथेही धातूचा केज घालतात आणि तोही चालतो, फक्त त्याच्या आत-बाहेर हाड भरायला लागतंच.

दुसऱ्याचं हाड म्हणजे ॲलोग्राफ्ट. लोकांना वाटतं हे सगळं परदेशातूनच येतं, पण परळला टाटा मेमोरियलची टिश्यू बँक १९८८ पासून आहे, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मदतीने सुरू झालेली. खुब्याचा सांधा बदलताना पेशंटच्या मांडीच्या हाडाचा जो गोळा काढून टाकतात तो त्या पेशंटच्या संमतीने आणि रक्ताच्या तपासण्या करून बँकेत जातो, धुऊन, सुकवून गॅमा किरणांनी निर्जंतुक होतो. ट्रॉम्बेला १९७४ पासून आयसोमेड नावाचा प्लांट आहे तो याच प्रकारच्या निर्जंतुकीकरणासाठी. या सगळ्यात पेशी मरतात, मरायलाच हव्यात, प्रोटीन्सही काही कमी होतात, राहते मुख्यतः परांची, पण हाडाचीच परांची आणि बाहेरच्या पाकिटापेक्षा खूप परवडणारी. लहान मुलांच्या स्कोलिओसिसमध्ये, म्हणजे मणका बाजूला वाकतो तेव्हा, दहा-बारा मणके जुळवायचे असतात, त्या पोरांच्या कंबरेतून एवढं हाड काढणं बरोबर नाही, तिथे लोकल बोनमध्ये हे मिसळणं मला सगळ्यात पटतं. २०११ च्या दुरुस्तीनंतर अवयवदानाच्या कायद्यात टिश्यूसुद्धा आल्या, त्यामुळे टिश्यू बँक नोंदणीकृत लागते. दात्याचं हाड वापरणार असतील तर ते कुठल्या बँकेचं आहे हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणि हे विचारा असं मी का म्हणतो त्याला कारण आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत जिवंत पेशी राखलेलं एक ॲलोग्राफ्ट मणक्याच्या ऑपरेशनमध्ये वापरलं गेलं, एकाच मृत दात्याचं हाड शंभराहून जास्त पेशंटमध्ये गेलं, आणि त्या दात्याला टीबी होता. पेशी जिवंत ठेवायच्या म्हणून त्या हाडाला गॅमा किरण देता येत नाहीत. पुढे माल परत मागवला, पण तोवर अनेकांना टीबी झालेला होता आणि काही दगावले. आपल्याकडे टीबी इतका असताना 'लाइव्ह सेल' असं काही कुणी पुढे केलं तर मी तरी दहा प्रश्न विचारेन.

डीबीएम म्हणजे दात्याच्या हाडातलं कॅल्शियम ॲसिडने काढून टाकून उरलेला प्रोटीनचा भाग, पेस्ट किंवा पुट्टीच्या रूपात येतो. १९६५ साली मार्शल युरिस्ट यांनी दाखवलं की असं कॅल्शियम काढलेलं हाड स्नायूत ठेवलं तरी तिथे नवीन हाड तयार होतं, सगळा पुढचा बीएमपीचा, म्हणजे हाड तयार करायला लावणाऱ्या प्रोटीनचा, धंदा त्यातून उभा राहिला. हाताळायला छान, केजमध्ये नीट भरता येतं, पण प्रत्येक लॉटची ताकद वेगळी असते आणि ती पाकिटावरून कळत नाही. लोकल बोनमध्ये मिसळायला ठीक, एकट्याच्या जिवावर मी ठेवत नाही.

तुमच्या इस्टिमेटमधलं १० सीसी बहुधा सिरॅमिक असणार. बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, हायड्रॉक्सीॲपेटाइट किंवा दोघांचं मिश्रण, बारीक खडे किंवा पट्टीच्या रूपात. हायड्रॉक्सीॲपेटाइट वर्षानुवर्षं तसंच राहतं, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट वर्ष-दोन वर्षांत विरघळून त्याच्या जागी हाड येतं, म्हणून दोन्ही मिसळतात. कॅल्शियम सल्फेट, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसच, काही आठवड्यांत विरघळतं आणि मणक्याचं हाड जुळायला महिने लागतात, म्हणून फ्यूजनला ते माझ्या मते उपयोगाचं नाही. बायोग्लासही मिळतं, त्याचा शोध १९६९ चा, लॅरी हेंच यांचा, त्याचं स्थानही जोड म्हणूनच. सिरॅमिकचा फायदा खरा आहे: आजार लागायची भीती नाही, हवं तेवढं मिळतं, लोकल बोनचं प्रमाण वाढवता येतं. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, हे खडे एक्सरेत पहिल्या दिवसापासून पांढरेशुभ्र दिसतात. दीड महिन्याने कुणी एक्सरे दाखवून म्हणालं बघा किती छान हाड आलंय, तर ते हाड नाही, ते तुम्ही विकत घेतलेले खडेच आहेत.

पट्टीच्या बाबतीत आणखी एक. सिरॅमिकच्या बऱ्याच मऊ पट्ट्यांमध्ये कोलॅजन असतं आणि ते बहुतेक वेळा गाईचं असतं, बीएमपीच्या स्पंजमध्येही तेच. मुंबईत माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जैन, गुजराती आणि आपल्याही घरांमध्ये याला मनापासून हरकत असते आणि ती आधी विचारायला हवी, ऑपरेशननंतर पाकिटाच्या कागदावर वाचून धक्का बसण्यात काही अर्थ नाही. तुमच्या आईला असं काही वाटत असेल तर सर्जनना आधीच स्पष्ट सांगा, कोलॅजन नसलेले पर्याय आहेत.

बीएमपी-२ बद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण कुणीतरी सुचवेल म्हणून लिहितो. २००२ मध्ये अमेरिकेत पोटाच्या बाजूने करायच्या कंबरेच्या फ्यूजनसाठी त्याला मान्यता मिळाली, हाड जुळवतं हे निर्विवाद, इतकं की मग सगळीकडे वापरायला लागले. २००८ मध्ये तिथल्या औषध नियामकाने, म्हणजे एफडीएने, मानेत वापरू नका असा इशारा दिला, कारण गळ्याला सूज येऊन श्वास अडकायच्या केसेस झाल्या. २०११ मध्ये द स्पाइन जर्नलने अख्खा अंक काढून दाखवलं की सुरुवातीच्या अभ्यासांत दुष्परिणाम नीट नोंदवलेच नव्हते, त्यातल्या काही लेखकांचे ते बनवणाऱ्या कंपनीशी मोठे आर्थिक संबंध होते, आणि २०१३ मध्ये येल विद्यापीठाच्या पुढाकाराने कंपनीचा सगळा डेटा स्वतंत्रपणे तपासला तर कंबरेच्या हाडापेक्षा पेशंटला फार जास्त फायदा होतो असं निघालं नाही. टीएलआयएफमध्ये ते नसेच्या शेजारीच बसतं, मग नसेला सूज, नको तिथे हाड, कधी केजभोवतीचं हाडच विरघळणं, हे सगळं होऊ शकतं. कॅन्सर असलेल्यांना देत नाहीत. तुमच्या आईच्या पहिल्या, एका लेव्हलच्या ऑपरेशनला मी ते वापरणार नाही.

आता मला जे खरं कळकळीने सांगायचंय ते. ग्राफ्ट कुठलं यावर घरात जेवढी चर्चा होते त्याच्या निम्मी तरी ते बसणार त्या जागेवर व्हायला हवी. गादी काढल्यावर वरच्या आणि खालच्या मणक्यावर कूर्चेचा एक थर असतो, तो क्युरेटने (खरवडायच्या चमच्यासारख्या हत्याराने) खरवडत न्यायचा, हाताला आधी गुळगुळीत लागतं, मग खरखरीत, आणि मग बारीक बारीक ठिपक्यांमधून रक्त यायला लागलं की थांबायचं, कारण त्यापुढे गेलं तर कडक हाडाचा पापुद्रा फुटतो आणि केज मणक्यात रुतत जातो. वय झालेल्या बायकांमध्ये तर हे फारच सांभाळून. हा थर अर्धवट राहिला तर आत सोन्याच्या भावाचं पाकीट घातलं तरी जुळणार नाही. आणि हाड नुसतं केजच्या आत भरून भागत नाही, केजच्या पुढे आणि बाजूने गादीच्या जागेत ठासून भरावं लागतं, कारण केजच्या आतली जागा फारच कमी असते.

बाकीचं अर्धं काम आईकडे आहे. मी प्रत्येक बाईला विचारतो, मिश्री लावता का? घरचे चटकन म्हणतात नाही हो डॉक्टर, आई कुठे सिगरेट ओढते, आणि आई मान खाली घालते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, हिरडीतून निकोटिन रक्तात जातंच, रक्तवाहिन्या आकसतात आणि नवीन हाडाला रक्त मिळत नाही. लावत असतील तर ऑपरेशनच्या निदान महिनाभर आधी बंद आणि नंतर हाड जुळेपर्यंत बंद, खरं तर कायमची बंद. रागावू नका त्यांच्यावर, पन्नास वर्षांची सवय असते, सुटायला मदत लागते, डॉक्टरांना सांगितलं तर ती मिळते. शुगर असेल तर ती आटोक्यात हवी. व्हिटॅमिन डी तपासून घ्या, चाळीत-फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बायकांचं फार कमी सापडतं आणि भरून काढायला फक्त काही आठवडे लागतात. या वयात डेक्सा स्कॅन (हाडाची घनता मोजणारी तपासणी) करायलाच हवा, हाड खूप पोकळ निघालं तर आधी टेरिपॅराटाइडसारखं हाड बळकट करणारं औषध सुरू करावं का यावर बोलता येतं, स्क्रूची पकड आणि हाड जुळणं दोन्हीला त्याचा उपयोग होतो. पाकिटाच्या पैशांच्या तुलनेत या तपासण्यांचा खर्च किरकोळ आहे आणि मी तुमच्या जागी असतो तर आधी इथे खर्च केला असता.

ऑपरेशननंतर केमिस्टकडून स्वतःहून डायक्लोफिनॅक, केटोरोलॅक अशी दुखण्याची औषधं आणून देऊ नका. पहिले दोन-तीन दिवस हॉस्पिटलमध्ये थोडंसं दिलं तर बहुतेक काही बिघडत नाही, पण जास्त डोस किंवा आठवडेच्या आठवडे घेतलं तर हाड जुळण्यात अडथळा येतो. पॅरासिटामॉलवर भागवता येतं बहुतेकांचं.

इस्टिमेटच्या ओळीबद्दल सर्जनशी बोलताना भांडणाच्या सुरात बोलू नका, साधं विचारा: लोकल बोन किती निघेल, कमी पडलं तरच पाकीट उघडाल का, ते नेमकं काय आहे, सिरॅमिक की दात्याचं हाड. चांगला सर्जन याचं उत्तर दोन मिनिटांत देतो, आणि कधी कधी पाकीट लागतंच, हाड झिजून फार थोडं निघतं किंवा छोट्या चिरेतून, मिनिमली इन्व्हेसिव्ह पद्धतीने करायचं असतं तेव्हा हाड कमीच मिळतं, तेव्हा त्यांनी लागेल म्हटलं तर त्यांच्यावर विश्वास ठेवा. न उघडलेल्या पाकिटाचे पैसे बिलात लागायला नकोत एवढं आधी बोलून घ्या. उघडलं तर त्यावरचा लॉट नंबरचा स्टिकर केसपेपरवर लावतात, स्क्रू आणि केजचेही असतात, त्यांची फोटोकॉपी डिस्चार्जच्या वेळी मागून घ्या, मेडिक्लेमचे दावे बघणाऱ्या टीपीएला लागतेच आणि उद्या एखादा माल परत मागवला गेला तर तुमच्याकडे नोंद असते.

हाड जुळायला सहा महिने ते वर्ष धरा. पायाच्या मुंग्या आणि चालणं याचा फरक त्याच्या बराच आधी कळायला लागतो कारण तो नस मोकळी झाल्याचा असतो. जुळलंय की नाही हे नीट सांगतो तो सीटी स्कॅन, साधारण वर्षाने, आणि त्याआधी आईला नव्याने दुखत नसेल, एक्सरेत स्क्रूभोवती काळी रेघ दिसत नसेल, तर सीटीची घाई करू नका.